चार बोटांचं अंतर

जळका वास आला की आम्ही आधी कापडाकडे धावतो. त्या दुपारीही तेच झालं. वाफेच्या मशीनवर हॉटेलचे टेबलक्लॉथ चालले होते, मी माझ्या टेबलावर एका शर्टाच्या बाहीत गुंतले होते, आणि एकदम वास आला. मी इस्त्री उभी केली आणि ओरडले, "काय लावलंयस रे? उचल, उचल आधी!"

भावाने मशीनचं झाकण उचललं. टेबलक्लॉथ पांढराशुभ्र. मी तो उलटा करून बघितला, शिवण बघितली, खालची गादी बघितली. परत येऊन माझा शर्ट तपासला, मग टोपलीतले कपडे उपसले. वास वाढतच होता.

"ताई, तुझं नाक आता रिटायर कर," भाऊ म्हणाला. तो मशीनला टेकून माझी धावपळ मजेत बघत होता. टेकून म्हणजे कसा, तर उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत मशीनच्या कडेच्या लोखंडावर ठेवून. त्या लोखंडाला आम्ही चुकूनही शिवत नाही. त्यावर पाण्याचा थेंब पडला तर तो थांबतसुद्धा नाही.

मी त्याला ओढलं तेव्हा कातडीची एक पट्टी लोखंडावरच राहिली. आणि तो मलाच विचारत होता, "काय झालं?"

त्या दिवसाचा मला अजून राग येतो, आणि तो स्वतःचाच येतो. दोन मिनिटं मी कापडं तपासत होते. माणूसही जळू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

लाँड्री आमच्या वडिलांची. ते गेल्यावर मी चालवली आणि भाऊ हाताशी आला तेव्हापासून आम्ही दोघं चालवतो. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्याला सगळे कडक म्हणतात, कारण त्याने मारलेली पॅंटची घडी दोन दिवस अंगावर राहिली तरी मोडत नाही. स्वभावाने मात्र अगदी उलटा, मऊ आणि लबाड. इस्त्री त्याला मी शिकवली. तो दहा वर्षांचा असताना त्याला साबणाच्या खोक्यावर उभा केला आणि वडिलांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं: इस्त्रीच्या बटणावर भरवसा ठेवायचा नाही, बोटाला थुंकी लावून ती चर्र होते का बघायचं नाही. इस्त्री गालाजवळ न्यायची. चार बोटांचं अंतर ठेवायचं आणि डोळे मिटायचे. बटण खोटं बोलेल, गाल खोटं बोलत नाही. सहा महिन्यांत तो डोळे मिटून सांगायला लागला, ही रेशमाला चालेल, ही सुतीलाच, ही अजून कोमट आहे. मला त्याचा केवढा अभिमान होता.

दोन वर्षांपासून तो गरम पातेली फडक्याशिवाय उचलत होता. गिऱ्हाइकं कौतुक करायची, "कडकला भाजत नाही." मीही त्यात सामील होते. खोकला आला की तो मान धरून डोळे घट्ट मिटायचा. हसला तरी तेच. मी म्हणायचे, उशी बदल. इतके दिवस मोठ्याने हसणारा माणूस नुसता ओठ ताणून हसायला लागला होता आणि मला वाटलं, वयाने पोक्त होत चाललाय.

भाजल्याच्या डॉक्टरने मलमपट्टी केली आणि एकच प्रश्न विचारला, "हे होत असताना दुखलं नाही?" भाऊ म्हणाला, नाही. डॉक्टर लिहायचे थांबले. तिथून आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात धाडलं, मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरबाईंकडे.

बाई तरुण होत्या, बोलायला स्वच्छ. त्यांच्या कोटाची कॉलर मात्र उलट्या बाजूने दाबलेली होती आणि माझं अर्धं लक्ष तिथेच. त्यांनी भावाला डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसायला सांगितलं. काचेच्या दोन नळ्या होत्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. त्या नळ्या त्याच्या कातडीला लावायच्या आणि त्याने सांगायचं, गरम की गार. उजव्या हाताला तो प्रत्येक वेळी म्हणाला, "काहीतरी लागलं." काय लागलं ते कळत नव्हतं. स्पर्श होता, ऊन-गार नव्हतं. उजव्या खांद्यालाही नाही. डावा हात बरोबर उत्तरं देत होता. मी आणि माझी भावजय भिंतीला लागून बसलो होतो आणि आमचे चेहरे त्याला दिसत नव्हते हे बरं झालं.

मग त्याला त्या आवाज करणाऱ्या बोगद्यात घालून मानेचे आणि पाठीचे फोटो काढले. बाईंनी ते पडद्यावर लावले आणि कागदावर चित्र काढून समजावलं. कण्याच्या आतून एक दोरी जाते, मेंदूचे निरोप तिच्यातून हातापायांकडे जातात. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा थोडा भाग खाली सरकून मानेच्या सुरुवातीला अडकल्यासारखा झालाय, त्यामुळे तिथलं पाणी वाहायचं ते तुंबतंय. ते तुंबलेलं पाणी दोरीच्या आत शिरलंय आणि आतून पोकळी झालीय. ती पोकळी दोरीला आतल्या आत ताणते. सगळ्यात आधी जातं ते ऊन-गार आणि दुखणं कळणं. नंतर हाताची ताकद. नंतर पाय.

"औषध?" भावजयीने विचारलं.

"दुखण्याला देईन. पोकळीला गोळी नाही."

"मग?"

"ऑपरेशन. डोक्याच्या मागे जागा मोकळी करायची, म्हणजे पाणी वाहायला लागेल. बहुतेकांची पोकळी त्यानंतर आकसते आणि आजार तिथेच थांबतो. पण एक गोष्ट आत्ताच सांगते. जे गेलंय ते परत येईलच असं नाही. उजवा हात बहुधा असाच राहील. आपण जे उरलंय ते राखायला ऑपरेशन करतो."

"आणि धोका?" हे मी विचारलं.

"आहे. थोडा, पण आहे. म्हणून पोकळी वाढत नसेल तर काही जणांवर आम्ही नुसतं लक्ष ठेवतो, दर चार महिन्यांनी तपासतो. वाढतेय असं दिसलं तर मात्र थांबायचं नाही. तुमच्या बाबतीत मी ऑपरेशनकडे झुकतेय. विचार करा."

एवढ्या सगळ्या बोलण्यातून भावाने नेमका एक शब्द उचलला. "थांबू," तो म्हणाला. "चार महिने बघू. मान कापायची आणि हात परत नाही मिळायचा, असला व्यवहार कोण करतं?"

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात. हे आलंच होतं मुंगीच्या पावलाने, आणि जायचं नावच नव्हतं. ते चार महिने मला एका जागी बसवत नव्हतं. भाऊ चहा प्यायला लागला की मी कपाकडे बघायची. तो मशीनजवळ गेला की मी इस्त्री टाकून मागे. मशीनच्या कडेला मी जाड फ्लॅनेलची पट्टी शिवून घातली, ती त्याने काढून टाकली, मी परत घातली. सकाळी आल्या आल्या विचारायची, "डावा हात कसाय?" दुपारी परत. एकदा तो वैतागून म्हणाला, "ताई, हात मलाच आहे, तुला नाही. मला जरा विसरू दे ना!" मी तासभर गप्प बसले. मग परत विचारलं.

चार महिन्यांनी गेलो तेव्हा त्याने मला बाहेरच थांबवलं. "तू आत आलीस की बाईंच्या कॉलरकडे बघत बसतेस." भावजय लाँड्रीत थांबली होती. मी हॉस्पिटलच्या लांबलचक पॅसेजमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घातल्या. खुर्चीवर बसले, उठले, पाण्याच्या नळापाशी गेले, पाणी न पिताच परत आले. अर्ध्या तासाने भाऊ बाहेर आला तो चेहरा फुलवूनच.

"पास," तो म्हणाला. "फोटोत पोकळी होती तेवढीच. आणि तपासणीत उजवा हात आधीपेक्षा बरा! नळ्या दहाच्या दहा बरोबर. बाईंना पण आश्चर्य वाटलं."

मी भर पॅसेजमध्ये रडले. नंतर आम्ही कॅंटीनमध्ये चहा घेतला, तो लहान मुलासारखा बोलत होता, आणि कप अर्धा झाला नाही तोच माझ्या मनात एक खडा टोचायला लागला. बाई म्हणाल्या होत्या, गेलेलं परत येत नाही. मग हे कसं आलं? मी स्वतःला दटावलं. चांगलं झालं तर तेही सोसत नाही तुला, म्हटलं.

खडा गेला नाही. दोन दिवस मी भावाला काम करताना बघत राहिले. गालाने इस्त्री बघायची ती एकदा, दिवसाची सुरुवात करताना किंवा कापड बदलताना. मुरलेल्या माणसाच्या हाताला मुठीतूनच अंदाज येतो. भाऊ मात्र प्रत्येक कपड्याला इस्त्री गालाजवळ नेत होता. उजव्या हाताने धरली तरी, डाव्या हाताने धरली तरी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दोन स्टीलचे पेले आणले. एकात गरम पाणी, एकात नळाचं. "बस," म्हटलं. "डोळे मीट."

"हे काय आता?"

"बस म्हटलं ना."

तो बसला. बसताना त्याने दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि हात हनुवटीपाशी आणून ठेवले, दमलेला माणूस बसतो तसे. मी गरम पेला उजव्या हाताच्या पाठीला लावला.

"गरम."

गार लावला. "गार." परत गार. "गार." मग गरम, आणि त्याने मान एवढीशी, गव्हाच्या दाण्याएवढी, पेल्याकडे कलती केली. जगात ते कुणाच्या लक्षात आलं नसतं. मला आलं, कारण मान कलती करायला मीच शिकवली होती. पेला गालापासून चार बोटांवर होता.

"हात खाली घे," मी म्हणाले. "मांडीवर ठेव."

त्याने डोळे उघडले. मग तो हसला, ते नवं हसणं, ओठ ताणून.

"तूच शिकवलंस," तो म्हणाला. "गाल खोटं बोलत नाही."

"आणि सुई? बाई तपासताना सुई पण टोचतात ना?"

"टोकदार बाजू लावताना बाई हात हलका ठेवतात. बोथट बाजू दाबून लावतात. दाब कळतो मला."

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गाढवापासून सुरुवात केली. तो सगळं ऐकून घेत होता, आणि मी दम घ्यायला थांबले तेव्हा हळूच म्हणाला, "ताई, मला भीती वाटते गं."

मग तो बोलायला लागला. मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या मेव्हण्याचं कण्याचं ऑपरेशन झालं आणि तो खाटेवरून उठलाच नाही. त्याला दुसराच आजार होता हे कडकला माहीत होतं, तरी माणूस खाटेवर आहे हेही खरंच होतं. आज उभा तरी राहतोय. आज काम तरी करतोय. ते टेबलावर झोपवतील आणि उठलो तर काय गेलेलं असेल कुणास ठाऊक. "झाकली मूठ आहे," तो म्हणाला. "झाकलेलीच राहू दे. सांगू नकोस. हिला पण नको आणि बाईंना पण नको. मला शब्द दे."

आणि मी दिला. त्याच्यासाठी दिला असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. पण खरं सांगायचं तर भीती मलाही वाटत होती. तो आडवा झालेला मला बघवणार नव्हता. न बघायचं असेल तर न सांगणं सोपं होतं.

पुढचे महिने कसे गेले विचारू नका. रात्री झोप लागली तरी दिवसा मी झोपेत असल्यासारखी. एकच आवाज कानात बसला होता. भाऊ मशीनकडून टेबलाकडे यायचा तेव्हा उजव्या बुटाचं टोक फरशीला घासायचं. खस्स. चार पावलं बरोबर, मग खस्स. मी म्हणाले, पाय ओढतोयस. तो म्हणाला, सोल सुटलाय. नवे बूट आणले. नव्या बुटांनाही खस्स.

मग बटणं. शर्टाची घडी घालताना वरचं, मधलं आणि खालचं बटण लावावं लागतं, नाहीतर घडी सरकते. भाऊ न बघता लावायचा, गप्पा मारत. आता तो शर्ट दाबून माझ्याकडे ढकलायला लागला. "तू कर घडी, मी पुढचा घेतो." एका दुपारी मी पाठ केली आहे असं समजून तो एका बटणाशी झटत होता. काजात घालायचा, निसटायचं. परत घालायचा. त्याच्या अंगठ्यामागचा मांसल भाग बसला होता, तिथे खळगा दिसत होता. मी मागे वळले नाही. समोरच्या आरशात बघत उभी राहिले. बटण लागलंच नाही. त्याने शर्ट तसाच टोपलीखाली सारला, आणि त्याच क्षणी माझा शब्द माझ्या मनात मोडला.

तिसऱ्या तपासणीला मी आत जाणारच म्हणून बसले. भावाने डोळे वटारले. भावजय म्हणाली, "येऊ द्या की त्यांना, एवढं काय त्यात?" बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

बाईंची कॉलर त्या दिवशी सरळ होती. त्यांनी पायाचं विचारलं, भावाने बुटाचं सांगितलं. बाई कपाळाला आठ्या घालून त्याच्या गुडघ्यावर हातोडी मारत होत्या, काही लिहीत होत्या. मग नळ्या काढल्या.

"डोळे मिटा."

भावाने कोपरं टेबलावर टेकली. हात हनुवटीपाशी आणले. बाईंनी नळी उचलली.

त्याची फाइल माझ्या मांडीवर होती, जाड पुठ्ठ्याची, आत सगळे रिपोर्ट. मी उठले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांना हातानेच थांबू नका म्हणून खुणावलं, आणि ती फाइल त्याच्या गालाच्या आणि हाताच्या मध्ये उभी धरली.

बाईंनी गरम नळी लावली.

भाऊ थांबला. मान कलती केली. अजून थोडी केली. फाइलच्या कडेला त्याचा गाल लागला आणि त्याला कळलं. त्याने डोळे उघडले नाहीत. पापण्या नुसत्या थरथरल्या.

"गार," तो म्हणाला.

बाईंनी गार लावली. "गार." गरम. "गार." त्यांचा आवाज एकदम हळू झाला. त्या खांद्यापासून बोटांपर्यंत सगळीकडे पुन्हा गेल्या, उजवीकडे, मग डावीकडे. डावा हातही करंगळीच्या बाजूने गेला होता. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं तेवढी उरली होती. तिथे तो बरोबर सांगत होता, प्रत्येक वेळी.

"एवढं शिल्लक आहे," बाई म्हणाल्या. "तीन बोटं, आणि पाय. वाढतंय हे. हे राखायचं असेल तर आता थांबता येणार नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"चार महिने," मी म्हणाले.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. भावजयीने माझ्याकडे जे बघितलं ते मात्र मी अजून विसरलेले नाही.

बाहेर येताना भाऊ माझ्या पुढे चालत होता. मी हाक मारली, तो थांबला, पण वळला नाही. "तुला शब्द दिलेला कळत नाही का गं?" एवढंच म्हणाला. त्यानंतर आमचं बोलणं भावजयीमार्फत. "ताईला सांग, तो चादरींचा गठ्ठा उद्या द्यायचाय." मी तीन हातांवर उभी असायची. ऑपरेशनची तारीखही मला भावजयीकडूनच कळली. तारीख त्यानेच मागून घेतली होती, आणि कुणी समजावायला गेलं नव्हतं.

ऑपरेशन सकाळी होतं. त्याला आत नेलं तेव्हा त्याने बायकोचा हात धरला, माझ्याकडे बघितलं नाही. दार लागलं. मला बसवेना. फेऱ्या घालायला लागले तर भावजय म्हणाली, "ताई, बसा हो, मला चक्कर येतेय तुमच्याकडे बघून." बसले. कोपऱ्यात हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरींची ढकलगाडी होती, कशातरी कोंबलेल्या. मी एक ओढली आणि घडी घातली. मग दुसरी. कडा जुळवायची, मधोमध दुमडायची, हाताने दाबायची. आया आली, बघून गेली. थोड्या वेळाने भावजय उठून समोर उभी राहिली आणि तिने चादरीची दुसरी दोन टोकं धरली. तिने मला माफ केलं असं मी म्हणत नाही. पण गाडी संपेपर्यंत ती समोर उभी होती. गाडी संपली तरी दार उघडलं नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्या चादरी मोडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून घातल्या.

तो उठला. पाय हलले. मानेमागे वीतभर टाके. पहिले दिवस फार वाईट होते, मान उशीवरून उचलता येत नव्हती, उलट्या व्हायच्या, आणि तो चिडचिड करायचा, माझ्यावर सोडून सगळ्यांवर. माझ्यावर चिडायलाही बोलावं लागलं असतं. दोन महिन्यांनी तो लाँड्रीत आला, खुर्चीवर बसून हिशोबाच्या नावाखाली सगळ्यांना हुकूम सोडायला. पायांचं खस्स गेलं नव्हतं, पण वाढलंही नव्हतं. मी रोज मोजत होते, चार पावलं आणि खस्स. तीन झाली नाहीत.

मशीनच्या कडेची फ्लॅनेलची पट्टी आता कुणी काढत नव्हतं. एक दिवस हॉटेलचा माणूस कपडे घ्यायला आला आणि त्याने काहीतरी वाह्यात विनोद सांगितला. भाऊ हसला. मोठ्याने, पहिल्यासारखा, डोकं मागे टाकून. मान धरली नाही. मी टेबलापाशी होते. इस्त्री हातात तशीच राहिली आणि खालचा रुमाल करपला. जळका वास आला, आणि या वेळी मी आधी भावाकडे बघितलं. तो ठीक होता. मग रुमाल बघितला. पार गेला होता. भाऊ रुमालाकडे बघत भावजयीला म्हणाला, "ताईला सांग, वास येतोय."

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. नवे फोटो आले होते. पोकळी आकसून रेघेएवढी झाली होती. भावजयीने माझा दंड इतका दाबला की वळ उठले. पण बाईंनी नेहमीप्रमाणे आधीच सांगून ठेवलं, "फोटो चांगला आहे. पण मला माणसाकडून ऐकायचंय. काही वेळा ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत जे जायचं ते जाऊन बसलेलं असतं. ती तीन बोटं आहेत का, ते बघू."

चार महिने. मी गप्प बसले ते चार महिने. त्यांची किंमत आता त्या तीन बोटांत दिसणार होती.

भाऊ टेबलाशी बसला. जुन्या सवयीने कोपरं टेकली, हात हनुवटीपाशी आले. त्याचे त्यालाच ते दिसले असावेत. तो तसाच थांबला. बाई नळी हातात घेऊन वाट बघत होत्या. मी भिंतीशी, फाइल मांडीवर, हलायची हिंमत नाही.

"ताई," तो म्हणाला.

आठ महिन्यांत पहिल्यांदा. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाला.

"ताई, फाइल आहे ना तुझ्याजवळ?"

"आहे."

"मग धर की. माझ्या गालाचा काही भरवसा नाही."

मी उठले. फाइल त्याच्या गालाशी उभी धरली, दोन्ही हातांनी. त्याने डोळे मिटले. बाईंनी उजव्या हाताला नळी लावली. "माहीत नाही," तो म्हणाला. दंडाला. "माहीत नाही." खांद्याला. "माहीत नाही." प्रत्येक वेळी शांतपणे, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर लोखंडावर राहिलेली ती कातडी येत होती. मग डावी करंगळी. "नाही."

बाईंनी नळी बदलली. भावाचा डावा अंगठा हवेत उभा होता, अंगठ्यामागे तो खळगा. काच लागली. बाई थांबल्या. भावजयीने श्वास धरला होता, तो मला ऐकू येत नव्हता यावरून कळलं. मान कलती झाली नाही. गाल फाइलपासून दूर, सरळ, माझ्याकडे.

"गरम," तो म्हणाला. "गरम आहे, ताई."

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. हो.

फाइल मी हलवली नाही. अजून दोन बोटं राहिली होती.